औषध निघालं का, मॅडम?

तेलंगणातल्या आदिलाबाद शहरालगतच्या मावल्याला माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक घर एकच प्रश्न घेऊन येतं. कुणी दारातच विचारतं, कुणी सगळे कागद दाखवून झाल्यावर उठता उठता. "याच्यावर औषध निघालं का, मॅडम?" विचारणाऱ्यांत बेला, जैनद, तांसीकडचे मराठी शेतकरी असतात, गुडीहत्नूरकडचे बंजारा, इंद्रवेल्लीकडचे गोंड आणि आदिलाबाद शहरातले तेलुगू-उर्दू बोलणारे नोकरदार, दुकानदारही असतात. लेकरू हाकेला वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, अशी शंका दोन-अडीच वर्षांचं असतानाच आईला आलेली असते. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर ते चार-पाच वर्षांचं होतं. मधली वर्षं रस्त्यावर जातात. राष्ट्रीय महामार्ग ४४ मावल्यावरूनच जातो. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र आणि पुढे नागपूर, दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवर हैदराबाद. फाइल दोन्हीकडे जाड होत जाते.

मी विशेष शिक्षिका आहे. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांना शिकवणं आणि त्यांच्या घरच्यांना सोबत घेणं हे माझं काम. औषध देणं किंवा संशोधन करणं माझ्याकडे नाही. तरी त्या एका प्रश्नानं मला संशोधन वाचायला लावलं. "औषध नाही" एवढं सांगून कुणाला परत पाठवता येत नाही, कारण तो माणूस इथून उठतो आणि जिथे "आहे" म्हणतात तिथे जातो. म्हणून नाही कशावरून, ते कुणी तपासलं, कसं तपासलं, हे घरच्यांना कळेल अशा भाषेत सांगावं लागतं. मला स्वतःला समजल्याशिवाय ते सांगता येत नाही.

कापसाची शेती असलेल्या एका बापानं मोठ्या शहरातल्या एका खासगी दवाखान्याचं गुळगुळीत छापलेलं पत्रक माझ्यासमोर ठेवलं होतं. स्टेम सेल म्हणजे मूळपेशींचे उपचार, खर्च काही लाख. "दोन एकर गहाण टाकतो," तो म्हणाला, "पण आधी तुम्ही सांगा, टाकू का?" हो किंवा नाही म्हणायच्या आधी मी त्याला सिक्रेटिनची गोष्ट सांगितली.

सिक्रेटिन हे पचनाच्या कामातलं एक संप्रेरक. १९९८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी फक्त तीन मुलांची हकीकत छापली. पोटाच्या तपासणीसाठी त्यांना सिक्रेटिन दिलं होतं आणि त्यानंतर त्यांचं बोलणं, बघणं सुधारलं असं दिसलं होतं. बातमी टीव्हीवर गेली आणि हजारो आईबाप ते इंजेक्शन शोधत सुटले. पुढच्याच वर्षी एका चाचणीत ६० मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला सिक्रेटिन, दुसऱ्याला दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय मिळालं ते आईबापांना माहीत नव्हतं, मुलांची तपासणी करणाऱ्यांनाही नव्हतं. शेवटपर्यंत टिकलेल्या ५६ मुलांत दोन्ही गट सुधारले आणि जवळजवळ सारखेच सुधारले. त्यानंतर अशा अनेक चाचण्या झाल्या, शेकडो मुलं त्यांत होती, निकाल तोच राहिला. सिक्रेटिनचा ऑटिझमवर उपयोग नाही.

तो बाप बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "म्हणजे त्या पाण्यानं सुधारलेली पोट्टी खोटी होती का?"

या प्रश्नापाशी मी नेहमी थांबते, कारण सगळं मर्म इथेच आहे. ती मुलं खरोखर सुधारली होती. ऑटिझम असलेलं मूलही वाढत असतं. चार वर्षांचं साडेचारचं होतं तेव्हा ते काही तरी शिकलेलंच असतं, कमी-अधिक. आईबाप उपचाराला जातात तेही बहुधा सगळ्यात वाईट महिन्यात. तो महिना तसाही सरणारच असतो. शिवाय इंजेक्शन दिल्यापासून घरातला प्रत्येक डोळा मुलावर असतो आणि कालपर्यंत नजरेतून सुटलेली गोष्ट आज दिसते. या सगळ्याचं श्रेय सुईला मिळतं. दुसरा गट ठेवला नाही तर ते कुणाचं होतं, हे कधीच कळत नाही. हे मी सांगत असताना त्या बापानं स्वतःच दाखला दिला. "म्हणजे खताचंच झालं. अर्ध्या वावरात टाकायचं, अर्ध्यात नाही. पाऊस दोन्हीकडे तोच." त्यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

त्या १९९९ च्या चाचणीतली आणखी एक नोंद मला विसरता येत नाही. निकाल कळल्यावरही ६९ टक्के आईबाप म्हणाले की आम्हाला अजून सिक्रेटिन हवं आहे. शहरातली काही शहाणी मंडळी हे वाचून मान हलवतात. मला ते ६९ टक्के परके वाटत नाहीत. ते मला दर आठवड्याला भेटतात, माझ्यासमोर खाली बसतात, डब्यातली भाकरी मला देऊ करतात. ज्याच्या हातात दुसरं काहीच दिलेलं नाही, तो हातातलं सोडत नाही. म्हणूनच एखादा उपचार निरुपयोगी आहे हे सांगताना त्याच बैठकीत, उद्या सकाळपासून घरी काय करायचं ते सांगितलंच पाहिजे, हा माझ्या कामाचा नियम झाला आहे.

स्टेम सेलचं त्याला मी असं सांगितलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०२० साली नाळेच्या रक्ताच्या चाचणीचा निकाल छापला. दोन ते सात वर्षांची १८० मुलं होती आणि मुख्य मोजमापात, म्हणजे मुलांच्या सामाजिक संवादात, रक्त मिळालेली आणि न मिळालेली यांच्यात फरक दिसला नाही. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता मूळपेशी हा मान्य उपचार नाही, मंजूर चाचणीतच त्या वापरायच्या. चाचणी असेल तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कुणालाही मोबाइलवर पाहता येते. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. "पैसे मागतात म्हणजे चाचणी नाही, आणि चाचणी नाही म्हणजे मग काय आहे?" एवढंच मी त्याला विचारलं. जमीन त्यानं गहाण टाकली नाही. दुसऱ्या एका घरानं मात्र, माझं सगळं ऐकून घेऊनही, सोनं मोडून तो उपचार केला. मूल होतं तसंच आहे. त्याची आई बरेच महिने आलीच नाही. आली तेव्हा त्या विषयावर मी एक शब्द काढला नाही आणि तिनंही काढला नाही. आम्ही त्याच्या दात घासण्यापासून कामाला सुरुवात केली.

माझं ठाम मत झालं आहे की फसलेल्या चाचणीचा सगळ्यात मोठा उपयोग गरिबाला होतो. २०२१ साली ऑक्सिटोसिनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याचा निकाल आला. २९० मुलं, २४ आठवडे, दोन्ही गट सारखेच. इतक्या पैशाचा आणि वेळाचा खेळ होऊन हाती काही लागलं नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला वाटतं, अशा चाचण्यांतल्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनीच बेला मंडलातल्या त्या बापाची दोन एकर वाचवली. असे निकाल वर्तमानपत्रात क्वचित येतात, मराठीत तर नाहीतच. "आशेचा किरण" मात्र दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो.

औषध अगदीच नाही असंही नाही, आणि तेही सांगावं लागतं. एक मुलगा भिंतीवर डोकं आपटायचा, स्वतःच्या हाताला चावायचा. इतका, की त्याच्या आईला रात्री बसून राहावं लागे. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला रिस्पेरिडोन सुरू केलं आणि काही आठवड्यांत ते आपटणं खूप कमी झालं. या औषधाचा अभ्यास पक्का आहे. २००२ साली १०१ मुलांची चाचणी छापली गेली. औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांची चिडचिड, आदळआपट, स्वतःला इजा करणं लक्षणीय कमी झालं, तर औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत १२ टक्क्यांचं. पण आठ आठवड्यांत औषधवाल्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोनं वाढलं, दुसऱ्या गटाचं ०.८ किलोनं. आमच्या मुलाची आईही तेच सांगत आली, "दिवसभर खायलाच मागतो हो." औषधानं त्याला बोलायला शिकवलं नाही. ते त्याचं कामच नव्हतं. डोकं आपटणं थांबलं तेव्हा कुठे त्याच्याजवळ बसता येऊ लागलं, आणि माझ्या दृष्टीनं हे लहान काम नव्हे.

आता ज्या संशोधनानं माझी खोली बदलली त्याबद्दल. ते इंग्लंडमध्ये सुचलेलं असलं तरी आपल्याकडे तपासलं गेलं गोव्यात.

मी शिकत होते तेव्हा लोवास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ च्या अभ्यासाचा दबदबा होता. आठवड्याला ४० तास, एकास एक, प्रशिक्षित माणसाकडून शिकवणं. १९ मुलांपैकी जवळजवळ निम्मी शाळेत इतरांसारखी झाली, असा दावा. त्या अभ्यासात मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि शिक्षाही वापरल्या होत्या. मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक आज त्या पद्धतीविषयी संतापानं बोलतात आणि त्यांचं मी ऐकते. मूल इतरांसारखं दिसावं यासाठी त्याला दमवायचं की त्याचं त्याला सोपं जावं यासाठी आपण झिजायचं, हा प्रश्न त्यांनी उभा केला. पण ते सगळं बाजूला ठेवलं तरी आठवड्याला ४० तास मावल्याला कोण देणार? वेचणीच्या दिवसांत आई सकाळी सातला वावरात असते.

इंग्लंडमधल्या 'पॅक्ट' नावाच्या चाचणीचा निकाल २०१० साली छापला गेला. मुलं १५२ होती. तज्ज्ञ मुलाला शिकवत नाही. तो आईबापांना मुलाकडे बघायला शिकवतो. आई-मुलाच्या खेळाचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि तोच आईसोबत बसून पाहायचा. मूल कुठे बघत होतं, त्यानं काय सुचवलं, आपण त्यावर काय केलं. लगेचच्या मोजमापात ऑटिझमची तीव्रता फारशी हलली नाही, म्हणून अनेकांनी ती चाचणी बाजूला टाकली होती. मुलं मोठी झाल्यावर, सुमारे सहा वर्षांनी, तीच पुन्हा तपासली तेव्हा पॅक्ट मिळालेल्या मुलांची लक्षणं तुलनेनं कमी होती. हा निकाल २०१६ चा. याच पद्धतीला गोव्यातल्या 'संगत' या संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या लोकांनी मिळून आपल्याकडचं रूप दिलं. त्याचं नाव 'पास'. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती. दर पंधरवड्याला एक बैठक, सहा महिने, एकूण १२ बैठका. आणि या बैठका घेणाऱ्या व्यक्ती तज्ज्ञ नव्हत्या. त्यांना या कामापुरतं शिकवलेलं होतं आणि वर अनुभवी लोकांची देखरेख होती. निकालात आईबाप मुलाच्या कलानं वागू लागले, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली, तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त. एका मोजमापात, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याच्या वेळेत, मात्र उलट घट दिसली. ती त्यांनी लपवली नाही, निबंधात स्वच्छ छापली. माझा त्या निबंधावरचा विश्वास बराचसा त्या घटीमुळे आहे.

मी 'पास'चं प्रशिक्षण घेतलेलं नाही, तेव्हा मी करते त्याला 'पास' म्हणणं बरोबर नाही. पण व्हिडिओ सोबत पाहणं मी तिथून घेतलं. चार वर्षांचा एक मुलगा बाटल्यांची झाकणं ओळीत लावत बसे. त्याच्या आईचा व्हिडिओ मोबाइलवर घेतला. "हे काय आहे? बोल ना. इकडं बघ. लाल कोणतं? मम्मी म्हण. मम्मी." मूल हळूहळू पाठ फिरवत गेलं. तिनं व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "माय, मी किती बोलून राहिली!" मी काही सुचवलं नाही. पुन्हा लावला. आता तिला मधला एक क्षण दिसला. मुलानं एक झाकण उचलून, अगदी ओझरतं, तिच्याकडे बघितलं होतं, आणि तेव्हा ती "इकडं बघ" म्हणत होती. बघितलेलंच होतं त्यानं. तिथून पुढे तिचं तिनं ठरवलं की समोर बसायचं, गप्प राहायचं, आणि त्यानं ठेवलं की फक्त "ठेवलं" म्हणायचं. पुढच्या काही आठवड्यांत तो एक झाकण हातात धरून थांबायला लागला, तिच्या "ठेवलं"ची वाट बघत. मग एक दिवस ते झाकण त्यानं तिच्या हातात दिलं.

त्या घरात सगळ्यात चांगलं कुणाला जमलं असेल तर आजीला. आजी वाती वळत बसायच्या. नातू येऊन त्यांच्या शेजारी टेकायचा आणि त्या आपलं काम चालू ठेवून त्याच्यापुढे थोडा कापूस सरकवायच्या. बोलायच्या नाहीत. नातू तो कापूस पिंजायचा आणि परत द्यायचा. देणं-घेणं चाललेलं होतं, कुणी त्याला शिक्षण म्हणत नव्हतं इतकंच. मी आजींचाही व्हिडिओ घेतला आणि सूनबाईंना दाखवला. सासू-सुनेत त्या आधी या मुलावरून बरंच काही बोलणं झालेलं होतं, मोबाइल दाखवला म्हणून असं झालं वगैरे. त्या दिवशी सून म्हणाली, "मामींनाच विचारते आता." आजी लाजल्या.

हे काम आमच्या भागात एका गोष्टीनं अडतं, ती म्हणजे भाषा. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू, आणि गोंड घरात त्याआधी गोंडी. मूल बोलत नाही म्हटलं की कुणी ना कुणी सल्ला देतं, एकच भाषा ठेवा, तेलुगूच बोला. मग जिला तेलुगू धड येत नाही ती आई मुलाशी तोडक्या तेलुगूत हुकूम सोडते, "रा" (ये), "कूर्चो" (बस), आणि तिची गाणी, लाड, रागावणं, पुटपुटणं सगळं बंद पडतं. मुलाशी बोलणारी घरातली एकमेव व्यक्ती आपली भाषा गमावून बसते. मॉन्ट्रियलमध्ये दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांचा २०१२ साली अभ्यास झाला. दोन भाषा कानावर पडल्यामुळे त्यांची भाषा एका भाषेतल्या मुलांपेक्षा आणखी मागे पडली, असं आढळलं नाही. नंतरच्या अभ्यासांचाही कल तोच आहे. त्यामुळे मी प्रत्येक आईला सांगते, ज्या भाषेत तुम्हाला स्वप्न पडतं तीच बोला. तेलुगू शाळा बघून घेईल. इतक्या लहान वाक्यानं किती घरांत आवाज परत आला, हे बघून मला अजून भरून येतं.

आईवर ठपका ठेवायची चाल मात्र जुनीच आहे, तिला सीमा नाही. कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञानं १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं आणि पुढची कित्येक वर्षं जगभर थंड स्वभावाच्या आईला दोष दिला गेला. रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ च्या पुस्तकात ते खोडून काढलं. १९७७ साली जुळ्यांच्या अभ्यासानं आनुवंशिकतेचा वाटा दाखवला. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचं नाव घेतलं आणि काही दिवसांत एक आई माझ्याकडे डोळे सुजवून आली. सहाव्या महिन्यात ताप आला होता, दवाखान्यातून गोळी दिली होती. मी तिला स्वीडनचा २०२४ चा अभ्यास सांगितला. जवळजवळ २५ लाख मुलांच्या नोंदी. वरवर पाहता किंचित संबंध दिसत होता. पण एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा तो संबंध नाहीसा झाला. तिची थोरली मुलगी बारावीत आहे. "तिच्या वेळी पण घेतली होती की मी," ती एकदम म्हणाली. रडणं थांबलं नाही, पण ते वेगळं रडणं होतं.

सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक अपंगत्व संस्थेनं तयार केलेली 'इसा' ही मोजपट्टी आम्ही वापरतो. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, १५३ च्या वर तीव्र. परदेशी महागड्या चाचण्यांच्या तुलनेत ती आपली आहे, वापरायला सोपी आहे, आणि तिच्यामुळे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमला मिळालेल्या जागेचा प्रत्यक्ष उपयोग होतो. पण तिच्यावर प्रमाणपत्र ठरतं, आणि प्रमाणपत्रावर सरकारी पेन्शन. २०२३ साली ते महिन्याला ४,०१६ रुपये झालं, आणि इथल्या कित्येक घरांत तोच महिन्याचा एकमेव ठरलेला पैसा. त्यामुळे प्रमाणपत्राच्या शिबिरात आई मुलाचा सगळ्यात वाईट दिवस सांगते आणि माझ्या खोलीत सगळ्यात चांगला. दोन्ही खरे असतात. मुलानं हाक मारायला सुरुवात केली की एखादा बाप हळूच विचारतो, "मॅडम, हे लिहायलाच पाहिजे का?" मी त्याला दोष देत नाही. पण यातून एक गोष्ट मला पटली. मूल किती बदललं हे, ज्याला त्या बदलात काही मिळायचं किंवा गमवायचं नाही अशा माणसानं, उपचार कुणाला मिळाला हे माहीत नसताना, मोजलं पाहिजे. गोव्यात व्हिडिओ तपासणाऱ्यांना तेच करावं लागलं होतं. आमच्या इथे ते करणारं कुणी नाही.

आमचा भाग या सगळ्या संशोधनात जवळजवळ नाहीच. भारतातला पाच ठिकाणचा मोठा पाहणी-अभ्यास २०१८ साली छापला गेला. त्यात हैदराबाद आहे, उत्तर गोवा आहे, पलवल, कांगडा, ढेंकानाल आहे. आदिलाबादच्या चार-पाच भाषांच्या मुलांचं काय, ते त्यातून कळत नाही. लोक संशोधनाला घाबरतात, हेही कारण सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहे. २००९-१० मध्ये याच राज्यात आता असलेल्या खम्मम भागात आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. कित्येकींच्या संमतीवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, आणि तो थांबवावा लागला. लस वाईट होती म्हणून नव्हे, विचारायची पद्धत वाईट होती म्हणून. ती आठवण इकडच्या गावांतही पोचलेली आहे. मी त्या लोकांना २०१६ च्या कायद्याचं सहावं कलम समजावते. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर समजेल अशा मार्गानं घेतलेली मोकळी संमती हवी आणि अशा समितीची पूर्वपरवानगी हवी, जिच्यात निदान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असतील. ही समजेल अशी संमती गोंडीत कशी घ्यायची, हे अजून कुणी बसून लिहिलेलं मला दिसलेलं नाही. इंद्रवेल्लीच्या एका आशाताईनं ते तोंडी करून दाखवलं. तिनं सगळं असं काही समजावून सांगितलं की मी फक्त ऐकत राहिले.

मध्यंतरी आयांच्या बैठकीत मी विचारलं, उद्या कुणी मोठे डॉक्टर खरोखरच मावल्याला अभ्यास करायला आले, तर त्यांनी काय शोधावं? मला वाटलं बोलणं, शाळा, औषध ही उत्तरं येतील. आधी आलं ते झोपेचं. रात्री अकरापासून तीनपर्यंत जागणाऱ्या मुलासोबत जागून सकाळी वेचणीला कसं जायचं. मग संडासचं. मग महाराष्ट्राच्या एसटीत आणि इकडच्या आरटीसीच्या बसमध्ये मूल ओरडायला लागलं की खाली उतरवतात, त्याचं. मग एका आईनं मुलीचं विचारलं, ती बारा वर्षांची होती, आणि खोलीतल्या सगळ्या जणी शांत होऊन तिच्याकडे बघायला लागल्या. पाळी आल्यावर तिला कसं शिकवायचं, आणि मी नसेन तेव्हा कोण. झोप, जेवण, संडास, हट्ट यांवरचा भाग 'पास'च्या पुढच्या आवृत्तीत, 'पास प्लस'मध्ये, घातलेला आहे. तो भारतातच तपासला गेला. बसचं आणि त्या बारा वर्षांच्या मुलीचं उत्तर देणारी चाचणी मला अजून कुठे सापडलेली नाही. ते प्रश्न मी तारीख घालून, सांगणाऱ्या आयांच्या शब्दांत, मराठीत आणि तेलुगूत लिहून ठेवले आहेत. गोंडीतले आशाताई मला सांगते आहे आणि मी ते देवनागरीत उतरवते आहे.